परसबाग
परसबाग : घराच्या मागील किंवा सभोवतालच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या गरजेपुरता भाजीपाला, फुले व थोडी फळझाडे ज्या बागेत लावतात, तिला परसबाग म्हणतात. ‘परस’ म्हणजे घराची मागची बाजू. विहीर, न्हाणी व मोरी याच बाजूस असल्यामुळे सांडपाणी आयतेच मिळे आणि त्यावर अळू, केळ, कर्दळ यांसारखी पाणी सोसणारी झाडे वाढत. विक्रीसाठी केलेल्या भाजीच्या मळ्यापेक्षा परसबागेचा हेतू मुळातच निराळा आहे. मळ्यात एकाच पिकाचे भरघोस उत्पन्न एकाच वेळी यावे असे पाहतात. परसबागेत रोज थोडे, पण वर्षभर काही ना काही मिळाले पाहिजे. ही गोष्ट नजरेआड झाली की, एका आठवड्यात वीस कोबी आणि नंतर दोन महिने रिकामे वाफे असा प्रकार घडतो.

वर्षक्रम : समशीतोष्ण देशांत बागेचे वर्ष हिमतुषार थांबल्यावर सुरू होते व पुन्हा हिमतुषार पडू लागले की संपते. महाराष्ट्र, गोवा व दख्खनच्या बहुतेक भागांत असा अडसर नाही. बारा महिने काही तरी उगवते, परंतु याचा अर्थ सर्व काही बारा महिने उगवते असा नव्हे. येथे पिकाचा काळ तीन गोष्टींनी ठरतो : पाण्याची उपलब्धता, तापमान आणि दिवसमान. पहिल्या दोन गोष्टी कोणाच्याही ध्यानात येतात; तिसरीमुळे मात्र अनुभवी माणसेही फसतात. परसात मांडवावर चढवितात त्या जुन्या वेलवर्गीय वालाच्या व पावट्याच्या जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. त्यांचे बी जूनमध्ये पेरले, तर शेंगा कार्तिकाच्या सुमारास लागतात. तेच बी जानेवारीत पेरले, तर उन्हाळाभर नुसता पाला वाढत राहतो आणि बियाणे वाईट निघाले अशी तक्रार होते.

युरोपीय भाज्या व फुलझाडे भारतात रुळविण्याचे प्रयत्न ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात पद्धतशीरपणे सुरू झाले. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास १८२० मध्ये कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन झाली. फुलकोबीचे बी १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानात आणण्यात आले. त्या मूळ जातींना थंडी लागे. पण उत्तर भारतातील बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून उष्ण व दमट हवेतही गड्डा धरणारा एक वेगळाच गट तयार केला. तो आज ‘भारतीय फुलकोबी’ म्हणून ओळखला जातो. टोमॅटो, मिरची, तांबडा भोपळा, झेंडू व गुलछडी ही अमेरिका खंडातील झाडे त्यापूर्वीच, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या संपर्काने येऊ लागली होती. आज झेंडूशिवाय दसरा आणि मिरचीशिवाय स्वयंपाक यांची कल्पनाही करवत नाही, इतकी ती येथील झाली आहेत.

जागा व आखणी : प्रौढ माणसाला रोज सु. ३०० ग्रॅ. भाजी लागते असे धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला सु. ५५० किग्रॅ. भाजी लागेल. एवढी सगळी घरीच काढायची तर २०० ते २५० चौ. मी. जागा लागते असे सामान्यतः मानतात. खेड्यात ती क्वचित मिळते, शहरात जवळजवळ नाहीच. म्हणून २० ते ३० चौ. मी. जागा असलेल्याने सगळ्या भाज्या थोड्याथोड्या लावण्यापेक्षा निवड करणे शहाणपणाचे ठरते. कांदा, बटाटा, कोबी ही पिके फार दिवस जागा अडवितात आणि बाजारात सहज मिळतात, टिकतातही. उलट माठ, मेथी, पालक, कोथिंबीर या पालेभाज्या खुडल्यापासून काही तासांतच कोमेजतात व त्यांतील क जीवनसत्त्व झपाट्याने घटते. मेथी तीन-चार आठवड्यांत, पालक पाच-सहा आठवड्यांत हाती येतो. पालकाच्या त्यानंतरही अनेक कापण्या होतात. लहान जागेत जमीन पालेभाज्यांना द्यावी आणि वेल कुंपणावर व मांडवावर चढवावेत. मिरची, वांगी व टोमॅटो यांची मोजकी झाडे कडेने पुरतात.

फळभाज्यांना दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे सावली उत्तरेकडे लांबवर पडते. म्हणून शेवगा, पपई, केळ, कढीलिंब यांसारखी उंच व बहुवर्षायू झाडे बागेच्या उत्तर कडेस लावतात. पश्चिमेच्या बाजूस दुधी, दोडका किंवा घोसाळे यांचा मांडव घातल्यास उन्हाळ्यातील दुपारचे ऊन अडते. घराची पश्चिम भिंतही त्यामुळे कमी तापते, हा आणखी एक लाभ.

जमिनीचा प्रकार पाहूनच वाफे करावे लागतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात, म्हणून पावसाळ्यात जमिनीपासून सु. १५ सेंमी. उंच व १ मी. रुंद गादी वाफे करतात. कोकण व गोव्यात जांभ्याची जमीन उथळ व आम्लधर्मी असते आणि पावसाच्या माऱ्याने तिच्यातील पोषक द्रव्ये वाहून जातात. तेथे दरवर्षी शेणखत, पालापाचोळ्याचे खत व थोडा चुना घालावा लागतो. हलक्या जमिनीत उन्हाळ्यात उलट खोलगट वाफे सोयीचे, कारण त्यांत पाणी थांबते.

पावसाळी हंगाम : मृगाच्या सुमारास भेंडी, गवार, चवळी, वाल, काकडी, दोडका, कारले, पडवळ, दुधी, तांबडा भोपळा यांचे बी टोकतात, अंबाडी, माठ व मायाळू लावतात. अळूला हा काळ विशेष मानवतो. कोकणात जोरदार सरींनी बी वाहून जाते, म्हणून वेलांचे बी आळ्यात उंचवटा करून किंवा पावसापूर्वीच करवंटीत रुजवून लावण्याची रीत आहे. गोव्यात सांत इस्तेव्ह (जुवे) बेटावरची सात शिरांची भेंडी प्रसिद्ध आहे. अशा स्थानिक वाणांची चव संकरित वाणांत सहसा येत नाही.

वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ दिसते, नर फुलाखाली नुसता देठ असतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात व गळून पडतात. त्यांना ‘वांझ फुले’ समजून वेल उपटणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. मुसळधार पावसात मधमाश्या फिरकत नाहीत; त्या वेळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या टोकावर हलकेच फिरवावेत. काकडी व भोपळा यांची फुले सकाळी, तर दुधी व दोडका यांची संध्याकाळी उमलतात. परागणही त्या त्या वेळीच करावे लागते. कर्टोलीत तर नर व मादी वेलच स्वतंत्र असतात. कंद लावताना एखादा नर वेल राखला नाही, तर एकही फळ धरत नाही. घरचा दुधी किंवा काकडी कडू लागल्यास मात्र ती खाऊ नये व तिचा रसही पिऊ नये. कडवटपणा आणणारी कुकुर्बिटॅसिने विषारी असतात आणि त्यांमुळे गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

हिवाळी हंगाम : परसबागेचा खरा सुकाळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात असतो. पाऊस ओसरताच मुळा, गाजर, बीट, मेथी, पालक, चाकवत, चुका, कोथिंबीर, लसूण व वाटाणा पेरतात. कोबी, फुलकोबी, नवलकोल, टोमॅटो व वांगी यांची रोपे तीन ते पाच आठवड्यांची झाल्यावर लावतात. पालेभाज्या एकदम न पेरता दर दहा-पंधरा दिवसांनी एकेक लहान वाफा पेरावा, म्हणजे पुरवठा अखंड राहतो. महाराष्ट्रात ज्याला सर्रास पालक म्हणतात तो वस्तुतः बीटच्या जातीचा आहे व विलायती पालकापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता सोसतो. म्हणूनच तो मार्चपर्यंत टिकतो.

या हंगामात सर्वांत मोठी निराशा फुलकोबी करते. तिच्या प्रत्येक गटाला गड्डा धरण्यासाठी ठराविक तापमान लागते. अगाप जातींचा गड्डा सु. २०° ते २७° से. तापमानात तयार होतो, तर ‘स्नोबॉल’ गटातील गरव्या जातींना १०° ते १६° से. तापमान हवे असते. गरवी जात उन्हे असताना लावली, तर पाने भरपूर येतात व गड्डा धरतच नाही. अगाप जात थंडीत लावली, तर रोप वाढण्याआधीच बटणाएवढा गड्डा येऊन सर्व संपते. दोन्ही बाबतींत खत, पाणी व निगा यांत काहीही उणे नसते. हुकलेला असतो तो फक्त महिना. कोकण किनाऱ्यावर रात्री पुरेशा थंड होत नसल्याने तेथे गरव्या जातींच्या वाटेस जाऊच नये. बियाणे घेताना पाकिटावरील चित्रापेक्षा जातीचे नाव व पेरणीचा काळ पाहणे अगत्याचे आहे. मुळ्याचेही असेच आहे. नेहमीचे वाण उन्हाळ्यात जरड व तिखट होतात, पण ‘पुसा चेतकी’ हे वाण उष्ण हवेतही चांगले येते.

उन्हाळी हंगाम : जानेवारीअखेर ते मार्च या काळात भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, माठ यांची पेरणी करतात. टोमॅटोची झाडे जगतात, परंतु दिवसाचे तापमान ३५° से. च्या पुढे गेले व रात्रीही उबदार राहिल्या म्हणजे पराग निकामी होऊन फुले गळतात. कोथिंबीर व मेथी लवकर फुलावर जातात. त्यांना सावली करावी लागते.

उन्हाळ्यातील निर्णायक प्रश्न पाण्याचा आहे आणि तो हिशेबानेच सोडवावा लागतो. जमिनीवर १ मिमी. पाणी म्हणजे दर चौ. मी. ला १ लि. पाणी होय. मे महिन्यात दख्खनच्या कोरड्या हवेत भाजीच्या वाफ्यातून रोज सु. ६ ते ८ मिमी. पाणी उडून जाते. म्हणजे केवळ २० चौ. मी. बागेस रोज सु. १४० लि. पाणी हवे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मोहिमेत ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लि. पाणी हे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घरात त्या हिशेबाने २७५ लि. पाणी येते व त्यातील निम्मे बागेलाच लागेल. मराठवाडा किंवा माणदेशासारख्या भागात पिण्याचे पाणी टँकरने येत असताना अशी बाग चालविणे शक्य नाही व योग्यही नाही. अशा ठिकाणी उन्हाळ्यात बाग मुद्दाम आखडती घेतात : चार-पाच चौ. मी. त माठ व मिरची, एखादा दोडक्याचा वेल आणि बाकीच्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन. मातीचे कच्चे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून ठेवल्यास पाणी झिरपत मुळांशीच पोहोचते व बाष्पीभवनाने वाया जात नाही. शेवगा व कढीलिंब एकदा रुजले की फारशा पाण्याशिवाय तग धरतात.

न्हाणीचे व भांडी धुतलेले पाणी वापरताना तारतम्य हवे. पूर्वी राखेने भांडी घासत, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. धुण्याच्या चूर्णातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते. म्हणून असे पाणी केळ, अळू, कर्दळ यांना व तेही आलटून पालटून द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना कधीच देऊ नये.

फुलझाडे : महाराष्ट्रातील परसात फुले शोभेपेक्षा पूजेसाठी व वेणीसाठी लावली जातात. त्यामुळे त्यांचे वेळापत्रक पंचांगाशी जुळवावे लागते. तुळस, दूर्वा व जास्वंद वर्षभर लागतात. तेरडा (इंपेशन्स बाल्समिना) पावसाबरोबर उगवतो व भाद्रपदात गौरींच्या वेळी भरात असतो. कोकणात अनेक घरी तेरड्याच्याच गौरी आणतात. त्याची फुले लवकर कोमेजतात, त्यावरूनच ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’ ही म्हण रूढ झाली. दसरा-दिवाळीसाठी झेंडूची रोपे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लावतात. रोप वाढीस लागल्यावर शेंडा खुडला, तर फुले थोडी उशिरा पण अधिक येतात. दसरा लवकर असेल त्या वर्षी मात्र शेंडा खुडू नये.

शेवंती ही दिवसमानावर चालणाऱ्या झाडांचे उत्तम उदाहरण आहे. पावसाच्या आरंभी तिचे मुनवे लावतात. रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरतात व मार्गशीर्षाच्या सुमारास ती बहरते. रस्त्यावरचा दिवा रात्रभर ज्या झाडावर पडतो, ते मागे राहते. शहरांतील अनेक अंगणांत शेवंती न फुलण्याचे कारण एवढेच असते. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळा. त्याचे पाणी डिसेंबर-जानेवारीत तोडून, पाने काढून व हलकी छाटणी करून त्यास विश्रांती देतात. मग खत घालून पाणी सुरू केले की मार्चपासून फुले येऊ लागतात. जाई-जुईचा बहर पावसाळ्यात असतो. कोकण व गोव्यातील लाडकी अबोली जवळजवळ वर्षभर फुलते. तिची सुकलेली बोंडे पाणी लागताच फुटून बी दूर फेकतात, म्हणून पहिल्या पावसानंतर तिची रोपे नको तेथेही उगवलेली दिसतात.

फ्लॉक्स, पिटुनिया, डायअँथस, हॉलीहॉक, नॅस्टर्शियम इ. विदेशी मोसमी फुलांचे बी पावसाचा जोर संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. ती डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलतात. पुण्याच्या एम्प्रेस उद्यानातील वार्षिक पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरते, ते याच कारणाने. उन्हाळ्यासाठी झिनिया, गेलार्डिया, गोम्फ्रेना व पोर्टुलाका ही काटक फुले योग्य.

गच्चीवरील बाग : जमीन नसलेल्या शहरी कुटुंबांनी कुंड्या, पिंपे व पेट्या यांत भाज्या लावण्याची पद्धत महाराष्ट्रात बरीच पसरली आहे. या विचाराला चालना देण्यात श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवार’ या चळवळीचा मोठा वाटा होता. घरातील ओला कचरा व पालापाचोळा कुजवून त्यातच झाडे वाढवावीत, माती कमीत कमी वापरावी, यावर तिचा भर होता. यामागे भाराचाही विचार आहे. ओल्या मातीचा २० सेंमी. जाडीचा थर दर चौ. मी. ला ३०० किग्रॅ. हून अधिक भरतो. वावरासाठी बांधलेल्या गच्चीचा आराखडा मात्र सामान्यतः दर चौ. मी. ला सु. १५० किग्रॅ. चल भार धरून केलेला असतो. जुन्या इमारतींत सरसकट माती पसरणे त्यामुळे धोक्याचे आहे. वजनदार कुंड्या तुळयांवर व भिंतींलगत ठेवाव्यात आणि गळती होत नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

रोग व किडी : परसबागेतील भाजी रोज खुडली जात असल्यामुळे विषारी औषधांचा वापर टाळणेच इष्ट. मावा व पांढरी माशी यांवर निंबोळीचा अर्क फवारतात. भुरी दिसताच रोगट पाने काढून नष्ट करतात. भेंडीवरील केवडा या विषाणुजन्य रोगात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. त्याचा प्रसार पांढरी माशी करते व त्यावर उपाय नाही. झाड उपटून टाकावे लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठातील ‘परभणी क्रांती’ व बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेतील ‘अर्का अनामिका’ या जाती या रोगाला दाद न देणाऱ्या म्हणून तयार केल्या गेल्या. पण अशी प्रतिकारशक्ती कायम टिकत नाही, हे पूर्वीच्या ‘पुसा सावनी’ या जातीवरून दिसून आले आहे. टोमॅटोच्या ओळींमधून झेंडू लावल्यास फळे पोखरणारी अळी त्याकडे आकर्षित होते आणि झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमींनाही आळा बसतो. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुलातील पिके एका वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत.

बियाणे : माठ, भेंडी, वाल, दोडका, दुधी यांचे बी घरीच धरता येते. त्यासाठी पहिल्या बहरातील उत्तम फळ न तोडता वेलावरच वाळू देतात. दोडका सुकला की आत बी खुळखुळते. ते राखेत घोळून कोरड्या मडक्यात ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे. वेलवर्गीय भाज्यांत परपरागण होत असल्याने शेजारी दुसरे वाण असेल, तर बी शुद्ध राहत नाही. संकरित वाणांचे बी धरून उपयोग नाही. पुढील पिढीत गुण विखुरतात. कोबी, गरवी फुलकोबी व विलायती गाजर यांना फुलावर येण्यासाठी दीर्घकाळ थंडी लागते, म्हणून मैदानी प्रदेशात त्यांचे बी होत नाही व ते हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या थंड भागांतून आणावे लागते. देशी गाजर मात्र मैदानातही बी देते. अलीकडे शालेय पोषण आहाराच्या योजनेत (२०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना’) शाळांच्या आवारातील परसबागांनाही उत्तेजन देण्यात येते. अशा बागांचे वर्ष जूनमध्ये शाळेबरोबर सुरू होते व एप्रिल-मेमध्ये पाणी घालण्यास कोणी नसते. त्यांच्यासाठी पावसाळी वेल, हिवाळी पालेभाज्या व शेवगा एवढीच निवड व्यवहार्य ठरते; मार्चमध्ये बी धरून ठेवले, तर पुढील जूनसाठी ते विकत घ्यावे लागत नाही.